जीर्ण वस्तूंचे कृष्णधवल छायाचित्रण

जीर्ण वस्तूंचे कृष्णधवल छायाचित्रण हा स्थिरवस्तूंच्या छायाचित्रणाचा एक प्रकार आहे. वापरून झिजलेल्या, गंजलेल्या, रंग उडालेल्या अथवा अडगळीत पडलेल्या नित्योपयोगी वस्तू हा त्याचा विषय असतो. चित्र रंगांऐवजी काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांत मांडलेले असते. जात्याची झिजलेली तळी, बैलगाडीचे मोडके चाक, दाराची कडी, काच तडकलेला कंदील, कल्हई उडालेले पातेले अशा वस्तू या प्रकारात आढळतात.

या छायाचित्रणात दोन प्रवाह दिसतात. पहिल्यात वस्तू जेथे व जशी सापडली तशीच टिपली जाते. दुसऱ्यात लहानसहान वस्तू टेबलावर मांडून, प्रकाशाची योजना करून नवे दृश्य रचले जाते. या दुसऱ्या प्रवाहाला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव येथे राहिलेले छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे काम होय.

## संज्ञा आणि व्याप्ती

चित्रकलेत फळे, भांडी, फुले, पुस्तके अशा निर्जीव वस्तूंच्या चित्रांना स्थिरचित्र म्हणतात. छायाचित्रणाने ही परंपरा स्वीकारली, तरी तिचा भर बदलला. युरोपीय स्थिरचित्रांत बहुधा मौल्यवान किंवा ताज्या वस्तू असत. छायाचित्रकारांनी केरसुणी, फाटका जोडा, गंजका खिळा यांनाही तेच लक्ष दिले. चित्रकाराला प्रत्येक भेग स्वतः रंगवावी लागते, तर कॅमेरा सर्व भेगा सारख्याच तपशिलाने नोंदवतो. त्यामुळे झिजलेला पृष्ठभाग हा छायाचित्रणाला विशेष अनुकूल विषय ठरला.

भग्न वास्तूंचे छायाचित्रण आणि पुरातत्त्वीय छायाचित्रण हे या प्रकाराचे शेजारी आहेत. भग्न वास्तूंच्या चित्रांत इमारत मुख्य असते. पुरातत्त्वीय चित्रात मोजमाप आणि ओळख यांना प्राधान्य असते. जीर्ण वस्तूंच्या छायाचित्रणात मात्र माणसाच्या हाताने सतत हाताळलेली वस्तू आणि तिच्यावर उमटलेली वापराची खूण यांना महत्त्व असते.

## झीज हा विषय

वस्तूची झीज साधारणपणे तीन कारणांनी होते: वापर, हवामान आणि दुर्लक्ष. तिन्हींच्या खुणा वेगवेगळ्या दिसतात.

* वापराची झीज ठराविक जागी होते. विळ्याच्या मुठीवर हात जेथे पडतो तेथे लाकूड गुळगुळीत होते. पाटा मध्यभागी खोलगट होतो. उंबरठा पाय पडतो त्या बाजूने खाली जातो. अशा खुणांवरून वस्तू कशी वापरली जात होती हे कळते.
* हवामानाची झीज सर्वत्र पसरते. उन्हाने लाकडाला रेषेच्या दिशेने चिरा जातात, पावसाने लोखंड गंजते, चामडे कडक होऊन आक्रसते, चुन्याचा थर पोपडे धरून सुटतो.
* दुर्लक्षाची झीज धूळ, कोळिष्टके, वाळवी आणि निखळलेले सांधे यांतून दिसते.

रंगीत चित्रात गंजाचा तांबूस किंवा शेवाळाचा हिरवा रंग लक्ष वेधून घेतो. कृष्णधवल चित्रात तो निघून गेल्यावर पोत, आकार आणि छाया शिल्लक राहतात. वेगवेगळ्या पदार्थांच्या वस्तू एकाच छटापट्टीत आल्याने त्यांच्यातील साम्य नजरेत भरते. उदाहरणार्थ, भेगाळलेली काळी जमीन आणि सुकलेले चामडे यांचा पोत एकसारखा भासू शकतो. टेबलटॉप छायाचित्रण याच गुणाचा उपयोग करते.

## इतिहास

### आरंभ

छायाचित्रणाची पहिली व्यावहारिक पद्धत इ.स. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. तिचे जनक लुई दागेर यांनी त्याआधी, १८३७ मध्ये, प्लास्टरच्या प्रतिकृती आणि इतर वस्तू मांडून चित्र घेतले होते. त्या काळी प्रकाशयोग वेळ बराच लागत असल्याने न हलणाऱ्या वस्तू हाच सोयीचा विषय होता.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 'द पेन्सिल ऑफ नेचर' (१८४४–४६) हे छायाचित्रांचे पुस्तक भागशः प्रसिद्ध केले. त्यातील 'द ओपन डोअर' या चित्रात अर्धवट उघडे दार आणि त्याला टेकवून ठेवलेला झाडू दिसतो. अशा साध्या विषयाच्या समर्थनार्थ टॅल्बट यांनी सतराव्या शतकातील डच चित्रकारांचा दाखला दिला. दुर्लक्षित वस्तूला जाणीवपूर्वक विषय करणाऱ्या आरंभीच्या छायाचित्रांत या चित्राची गणना होते.

### विसावे शतक

फ्रेंच छायाचित्रकार युजीन आत्जे (१८५७–१९२७) यांनी जुन्या पॅरिसमधील दुकाने, जिने, दारावरील ठोके व अंगणे यांची हजारो चित्रे घेतली. ते स्वतःच्या कामाला कलाकारांसाठीचे दस्तऐवज म्हणत. पुढे शहराची ही अंगे पालटल्यावर त्यांच्या चित्रांना ऐतिहासिक नोंदीचे मूल्य आले.

अमेरिकेत पॉल स्ट्रँड यांनी १९१६ मध्ये साधे वाडगे अगदी जवळून टिपून आकारांची रचना साधली. एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून घेतलेले चित्र या परंपरेतील विख्यात उदाहरण आहे. जर्मनीत आल्बर्ट रेंगर-पाच यांचे 'डी वेल्ट इस्ट श्योन' हे पुस्तक १९२८ मध्ये निघाले. त्यात वनस्पतींपासून कारखान्यातील वस्तूंपर्यंतचे विषय एकाच काटेकोर नजरेने पाहिलेले आहेत. ॲरन सिस्किंड यांनी १९४० च्या दशकापासून भिंतींवरील सुटलेले पोपडे व फाटलेले कागद टिपले. वॉकर इव्हान्स यांची पक्कड, पाना यांसारख्या साध्या हत्यारांची चित्रे 'फॉर्च्यून' मासिकात १९५५ मध्ये आली. अर्विंग पेन यांनी १९७० च्या दशकात रस्त्यावर सापडलेली सिगारेटची थोटके मोठ्या आकारात, प्लॅटिनम मुद्रणाने सादर केली.

प्राग येथील योसेफ सुडेक (१८९६–१९७६) यांचे उदाहरण वेगळे आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या सुडेक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीची आणि तिच्या कट्ट्यावरील पेला, अंडे, पाव अशा वस्तूंची चित्रे घ्यायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे तो विषय सोडला नाही. एकाच खोलीत राहून वस्तूंकडे पाहत राहण्याची ही पद्धत केकी मूस यांच्या कार्यपद्धतीशी तुलना करण्याजोगी आहे.

### भारत

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रणात वास्तू, शिल्पे, व्यक्तिचित्रे आणि समारंभ यांना प्राधान्य होते. घरगुती वस्तू चित्रात आल्या तरी बहुधा पार्श्वभूमीत राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी खेड्यांतील भित्तिचित्रे, रांगोळ्या आणि लोककलेच्या वस्तू यांची दीर्घकाळ कृष्णधवल नोंद केली. दयानिता सिंग यांच्या 'फाइल रूम' (२०१३) या पुस्तकात अभिलेखागारांतील कागदांचे गठ्ठे, कपाटे आणि फायली हा विषय आहे.

## खानदेशातील परंपरा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मिळून खानदेश होतो. तापी व गिरणा या नद्यांच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापसाचे पीक, जिनिंगचे कारखाने आणि भुसावळ व चाळीसगाव ही रेल्वे जंक्शने यांनी या प्रदेशाची भौतिक संस्कृती घडवली.

### रॉबर्ट गिल

खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील अजिंठ्याची लेणी आणि आरंभीचे छायाचित्रण यांचा संबंध मेजर रॉबर्ट गिल यांच्यामुळे आला. मद्रास लष्करातील या अधिकाऱ्याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी रंगवलेल्या मोठ्या प्रतिकृती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. गिल छायाचित्रेही घेत असत. लेण्यांची व वास्तूंची त्यांची स्टिरिओस्कोपिक छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली होती. एकमेव असलेली रंगीत प्रत जळाली आणि अनेक प्रती निघालेले छायाचित्र टिकले. १८७९ मध्ये गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

### केकी मूस

कैखुश्रू माणेकजी मूस ऊर्फ केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये व्यावसायिक कलेचे शिक्षण घेऊन १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावला परतले. रेल्वे स्थानकाजवळील आपल्या बंगल्यात त्यांनी सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ एकांतवासात काढली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. चित्रकला, शिल्पकला, ओरिगामी आणि संगीत यांतही त्यांना गती होती. देशविदेशांतील छायाचित्र स्पर्धांत त्यांच्या चित्रांना पारितोषिके मिळाली.

त्यांच्या एकांतवासाविषयी एक कथा प्रचलित आहे. मुंबई सोडताना प्रेयसीने भेटीला येण्याचे वचन दिले होते आणि पंजाब मेल येण्याच्या वेळी ते रोज तिची वाट पाहत, असे सांगितले जाते. लोकप्रिय लेखनात ही कथा वारंवार येते आणि अनेकदा त्यांच्या कलेची चर्चा मागे पडते.

मूस यांची ख्याती प्रामुख्याने टेबलटॉप छायाचित्रणासाठी आहे. घरातील लहान वस्तू आणि सहज टाकून दिल्या जाणाऱ्या गोष्टी टेबलावर मांडून ते दृश्य रचत. प्रकाश आणि कॅमेऱ्याचा कोन यांच्या योजनेने पाहणाऱ्याला खऱ्या निसर्गदृश्याचा किंवा प्रसंगाचा भास होई. घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या कलावंताने दूरची दृश्ये घरातील वस्तूंतून उभी करावीत, हे या कामाचे वैशिष्ट्य मानले जाते. टेबलटॉपखेरीज त्यांनी व्यक्तिचित्रेही घेतली.

मूस यांनी जुन्या वस्तूंचा मोठा संग्रहही केला होता. त्यांचे निवासस्थान आता कलादालन व संग्रहालय म्हणून जपले गेले असून छायाचित्रे, चित्रे, शिल्पे आणि संग्रहातील वस्तू तेथे पाहता येतात. छायाचित्र आणि वस्तू एकाच छताखाली असल्याने अभ्यासकाला दोन्हींची तुलना करता येते.

### प्रदेशातील वस्तू

खानदेशातील घरांत व शेतांत आढळणाऱ्या, पण वापरातून गेलेल्या किंवा जात असलेल्या वस्तूंचे पुढीलप्रमाणे गट करता येतात.

* शेती: मोट, मोटेचे लाकडी चाक व नाडा, तिफण, वखर, जू, बैलगाडीचे चाक, त्याचा तुंबा, आरे आणि लोखंडी धाव.
* घर: जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, सूप, कणगी, पितळी घंगाळ, कंदील, चिमणी, अडकित्ता.
* वास्तू: धाब्याच्या घरांचे सागवानी खांब व तुळया, कडी-कोयंडे, कोनाडे.
* उद्योग व वाहतूक: जिनिंगची जुनी यंत्रे, गिरण्यांचे सुटे भाग, तराजू व वजने, बारदान, रेल्वेचे जुने दिवे व सिग्नल.

वीजपंप आल्यावर मोट गेली आणि पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले. ॲल्युमिनियम आणि स्टील आल्यावर पितळी भांड्यांना कल्हई करण्याची गरज कमी झाली. वस्तूबरोबर तिच्याशी निगडित कौशल्य, तिच्या भागांची नावे आणि ती वापरताना म्हटली जाणारी गाणीही मागे पडतात. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्यात घरातल्या व शेतातल्या अशा वस्तूंना मध्यवर्ती स्थान आहे. त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या कवितेतील वस्तू प्रत्यक्ष न पाहिलेल्या आजच्या वाचकाला छायाचित्र हाच बहुधा पहिला परिचय ठरतो. बहिणाबाईंच्या जळगावातील घरात त्यांच्या वापरातील वस्तू जपून ठेवल्या आहेत.

धुळे येथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रे व पुराणवस्तू जपल्या आहेत. घराघरांतून कागद गोळा करण्याची जी दृष्टी राजवाडे यांनी दाखवली, तशी दृष्टी नांगर, सूप किंवा कंदील यांच्या वाट्याला क्वचितच आली. कागदावर मजकूर असल्याने तो ऐतिहासिक साधन मानला गेला. वापराच्या वस्तू मात्र भंगारात, जळणात किंवा शोभेच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेल्या. अशा वस्तूंचे छायाचित्र हे त्यामुळे अनेकदा त्यांचे एकमेव उरलेले साधन असते.

## तंत्र

### प्रकाश

पोत दाखवण्यासाठी प्रकाश पृष्ठभागावर तिरपा पडणे आवश्यक असते. समोरून पडणाऱ्या प्रकाशात खड्डे व उंचवटे सपाट भासतात. बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर येणाऱ्या प्रकाशात प्रत्येक चिरेची छाया वेगळी दिसते. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा साधारण एक तास त्यासाठी उपयुक्त असतो.

खानदेशात उन्हाळ्यात दुपारचे ऊन अतिशय प्रखर असते आणि छाया गडद पडतात. अशा वेळी ओटा, ओसरी किंवा खिडकीजवळची जागा निवडतात. अंधारलेल्या भागात प्रकाश परतवण्यासाठी पांढरे धोतर किंवा पुठ्ठा पुरेसा असतो. चकाकणाऱ्या पितळी भांड्यांसाठी खिडकीवर पातळ पांढरे कापड लावून प्रकाश मऊ करतात.

### फिल्म आणि फिल्टर

कृष्णधवल फिल्म रंगांचे करड्या छटांत रूपांतर करते, पण सर्व फिल्म ते सारख्या रीतीने करत नाहीत. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे गंजलेले लोखंड तिच्यावर फार काळे येते. पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंगांना प्रतिसाद देते. तिच्याबरोबर फिल्टर वापरून छटा बदलता येतात: लाल किंवा नारिंगी फिल्टरने गंज उजळ येतो आणि निळे आकाश गडद होते, हिरव्या फिल्टरने गंज गडद होतो. फिल्टरची निवड हा अर्थ लावण्याचाही भाग आहे, कारण एकच वस्तू त्यामुळे हलकी किंवा जड, जवळची किंवा उदास भासू शकते.

### एक्स्पोजर आणि स्पष्टता

प्रकाशमापक समोरचा भाग मध्यम करड्या छटेचा आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चुन्याची पांढरी भिंत मळकट आणि काजळी धरलेला तवा फिकट येण्याची शक्यता असते. भिंतीसाठी मापकाच्या सूचनेपेक्षा एक ते दोन स्टॉप अधिक आणि तव्यासाठी तितकेच कमी एक्स्पोजर देऊन ही चूक सुधारतात. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धती याच तत्त्वाचा शिस्तबद्ध विस्तार आहे. तिच्यात छायांच्या तपशिलासाठी एक्स्पोजर आणि उजळ भागांच्या नियंत्रणासाठी डेव्हलपिंगचा काळ ठरवतात.

वस्तू जवळून टिपताना स्पष्टतेची खोली कमी होते. म्हणून भिंगाचे छिद्र एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत लहान करतात आणि कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दीर्घ प्रकाशयोग देतात.

### टेबलटॉपची मांडणी

टेबलटॉप दृश्यात प्रमाणाचा भ्रम महत्त्वाचा असतो. सुकी काडी झाड म्हणून, आरसा पाणी म्हणून, मीठ किंवा पीठ बर्फ म्हणून, चुरगळलेला कागद डोंगर म्हणून वापरता येतो. भ्रम टिकण्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात. कॅमेरा वस्तूंच्या पातळीवर, खाली ठेवावा लागतो. प्रकाश एकाच दिशेने यावा लागतो, कारण सूर्य एकच असतो. आणि खरा आकार उघड करणारी कोणतीही खूण, उदाहरणार्थ कापडाची वीण किंवा बोटाचा ठसा, चौकटीत येता कामा नये. कृष्णधवल माध्यमात पदार्थाचा मूळ रंग लपत असल्याने हा भ्रम अधिक सहज साधतो.

### उष्ण हवामानातील डार्करूम

फिल्म धुण्याची प्रक्रिया डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो (सोडियम थायोसल्फेट) आणि स्वच्छ पाणी या क्रमाने होते. डेव्हलपरचे प्रमाण तापमान बहुधा २० अंश सेल्सियस धरलेले असते. जळगाव व भुसावळ परिसरात उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंशांच्या वर जाते, त्यामुळे टाकीचे पाणीही तापते. गरम द्रावणात डेव्हलपिंग वेगाने होते आणि फिल्मवरील जिलेटिनचा थर मऊ पडून त्यावर जाळीसारख्या सुरकुत्या येऊ शकतात. त्यावर उपाय म्हणून काम रात्री उशिरा किंवा पहाटे करतात, रसायनांची तबके बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि थर कडक करणारे रसायन वापरतात. सर्व द्रावणांचे व धुण्याच्या पाण्याचे तापमान एकमेकांच्या जवळ ठेवणेही आवश्यक असते.

### डिजिटल पद्धती

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सामान्यतः रंगीत माहिती नोंदवतो आणि कृष्णधवल रूपांतर नंतर होते. लाल, हिरव्या व निळ्या वाहिन्यांचे प्रमाण बदलून फिल्टरसारखाच परिणाम साधता येतो. मूळ रंगीत फाइल जपल्यास वस्तूचा खरा रंगही नोंदीत राहतो. फिल्ममध्ये ही सोय नसते.

## नोंद आणि रचना

जीर्ण वस्तूच्या छायाचित्राकडे नोंद म्हणून पाहायचे की रचना म्हणून, हा या प्रकारातील मुख्य प्रश्न आहे. सापडलेली वस्तू टिपणाऱ्या छायाचित्रकारानेही कोन, प्रकाश, चौकट आणि फिल्टर निवडलेले असतात. कोनाड्यातील कंदील उजेडात आणला, त्यावरची धूळ पुसली किंवा शेजारची प्लास्टिकची बाटली बाजूला केली, तर चित्र सुंदर होते, पण घरात तो कंदील आज कसा आहे ही माहिती जाते.

टेबलटॉप छायाचित्रण आपली रचना लपवत नाही. ते उघडपणे रचनेचे शास्त्र आहे. मूस यांच्या दृश्यांतून चाळीसगावच्या घरातील वस्तूंचा वापर किंवा इतिहास शोधता येत नाही. साध्या वस्तूत किती शक्यता दडलेल्या असतात, हे मात्र ती दृश्ये दाखवतात. त्यामुळे अशी चित्रे पाहताना त्यांचा प्रवाह ओळखणे आवश्यक ठरते.

या प्रकारावर एक आक्षेपही घेतला जातो. जीर्णतेचे आकर्षक चित्रण करताना त्यामागील दारिद्र्य, स्थलांतर किंवा बंद पडलेला उद्योग दृष्टिआड होतो, असे टीकाकार म्हणतात. कृष्णधवल रूपामुळे आजची वस्तूही भूतकाळातील वाटू लागते आणि ती अद्याप वापरणारा माणूस चित्राबाहेर राहतो. चित्रासोबत पुरेशी माहिती दिल्यास या आक्षेपाची धार कमी होते.

## माहितीची नोंद

वस्तूचे नाव नसलेले छायाचित्र एका पिढीनंतर वाचता येत नाही. शाळा, महाविद्यालये व स्थानिक इतिहासाचे अभ्यासक अशा कामात पुढील तपशील नोंदवू शकतात.

* वस्तूचे प्रमाण मराठीतील नाव, तसेच अहिराणी, लेवा गणबोली किंवा अन्य स्थानिक बोलीतील नाव. तिच्या भागांची नावे.
* गाव, तालुका आणि छायाचित्राची तारीख.
* साहित्य, लांबी-रुंदी आणि शक्य असल्यास प्रमाणपट्टीसह एक वेगळे चित्र.
* वस्तू कोण, कशासाठी आणि कधीपर्यंत वापरत असे. दुरुस्ती कोण करत असे.
* वस्तू जागेवरून हलवली किंवा स्वच्छ केली असल्यास तसा उल्लेख.
* मालकाची संमती.

एकाच वस्तूची किमान तीन चित्रे घेणे उपयुक्त असते: सभोवतालासह, संपूर्ण वस्तूचे आणि झीज झालेल्या भागाचे जवळून.

## जतन

छायाचित्र हीसुद्धा एक वस्तू आहे आणि तीही जीर्ण होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते. नंतरच्या ॲसिटेट फिल्मचा आधारथर उष्णता व दमटपणामुळे विघटित होतो. तिला व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती आक्रसून वळते. नीट न धुतलेल्या प्रतींत उरलेल्या हायपोमुळे पिवळे डाग पडतात. जुन्या प्रतींच्या गडद भागांवर रुपेरी झाक येते. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते. उन्हाळ्यातील तीव्र उष्णता आणि लगेच येणारा दमटपणा यांमुळे खानदेशातील खाजगी व संस्थात्मक संग्रहांना हे धोके विशेष आहेत.

निगेटिव्ह आम्लरहित कागदी पाकिटांत, थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावेत. लोखंडी पत्र्याची छते असलेल्या खोल्या आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कपाटे टाळावीत. वास येणारी ॲसिटेट फिल्म इतर फिल्मपासून वेगळी ठेवावी, कारण तिच्यातून निघणाऱ्या आम्लवाफांनी शेजारची फिल्मही बिघडते. स्कॅन केलेली प्रत उपयोगी असली तरी ती मूळ निगेटिव्हची जागा घेत नाही. तिच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे इष्ट असते.

खानदेशातील जुन्या फोटो स्टुडिओंच्या आणि हौशी छायाचित्रकारांच्या निगेटिव्हना हेच निकष लागू होतात. दुकान बंद होताना किंवा घर पाडताना असे डबे अनेकदा वस्तूंबरोबरच भंगारात जातात आणि मग वस्तू व तिची नोंद दोन्ही एकाच वेळी नाहीशा होतात.